आर्क धरण्याआधी

कायम बंद पडलेल्या यंत्रापेक्षा मनाला येईल तेव्हा चालणारे यंत्र माणसाला अधिक छळते, कारण पहिल्यातला दोष एका जागी थांबलेला असतो, तर दुसऱ्यातला दोष शोधायला जावे तेव्हा नेमका लपून बसतो. घरच्या घरी फ्लक्स-कोअर वेल्डिंग शिकू पाहणाऱ्याच्या वाट्याला हा छळ अगदी सुरुवातीलाच येतो. टॉर्चचे बटण दाबताच कधी आर्क चटकन धरतो आणि लोखंडावर प्रकाशाचा स्थिर ठिपका पुढे सरकू लागतो. पुढच्याच वेळी, तीच तार, तोच पत्रा आणि यंत्रावरचे तेच आकडे असताना, तार पत्र्याला नुसती ढोसते, वाकडी होते, टकटक करीत हात मागे लोटते किंवा फटकन तुटून नोझलबाहेर लोंबत राहते. शिकणारा आधी यंत्राला बोल लावतो, मग स्वतःच्या हाताला आणि शेवटी नशिबाला. परंतु जे कधी घडते आणि कधी घडत नाही त्याच्या मुळाशी, त्या दोन वेळांच्या दरम्यान बदललेली आणि पाहणाऱ्याने हिशेबात न धरलेली एखादी अट असतेच, आणि ती शोधून काढणे हा या विद्येचा पहिला धडा म्हणावा लागतो.

हा धडा मौद्यासारख्या गावाच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे, कारण धातू जोडण्याच्या कलेची दोन टोके तेथे शेजारी शेजारी नांदतात. नागपूर–भंडारा महामार्गावरील कन्हान नदीकाठच्या या तालुक्यात एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. 500 मेगावॉटचे दोन आणि 660 मेगावॉटचे दोन असे चार संच मिळून त्याची क्षमता 2,320 मेगावॉट होते. अशा केंद्रातील बाष्पकांच्या नळ्या प्रचंड दाबाखाली काम करीत असल्याने त्यांचे जोड 1950 च्या भारतीय बाष्पक विनियमांखाली परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कारागिरानेच करायचे असतात, आणि जोड झाल्यावर त्याच्या पोटात काय आहे हे क्ष-किरणांसारख्या साधनांनी पाहिले जाते. त्याच परिसरातील भातशेतीत रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखल करताना ट्रॅक्टरच्या केजव्हीलचा एखादा आडवा पट्टा निखळतो, गोठ्याच्या फाटकाची बिजागरी सुटते, फवारणी पंपाची चौकट तडकते, आणि ही कामे रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जिथल्या तिथे उरकली जातात. या दोन टोकांमध्ये आता तिसरा एक जण येऊ लागला आहे. स्वस्त झालेले लहानसे इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र घेऊन घराच्या अंगणात स्वतःच शिकू पाहणाऱ्या या माणसामागे ना परीक्षा घेणारा निरीक्षक असतो, ना खांद्यावरून पाहणारा मिस्त्री.

अशा माणसाची निवड फ्लक्स-कोअर तारेवर येऊन थांबते याला सबळ कारणे आहेत. वितळलेल्या पोलादाला हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागला तर जोड सच्छिद्र आणि ठिसूळ होतो, म्हणून विजेच्या साहाय्याने धातू जोडण्याचा सारा इतिहास एका अर्थाने हवा दूर ठेवण्याच्या उपायांचा इतिहास आहे. निकोलाय बेनार्दोस याने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कार्बनच्या कांडीने धातू जोडून दाखवले तेव्हा हवेपासून बचाव जवळजवळ नव्हताच. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील ऑस्कर शेलबेरी याने धातूच्या कांडीवर खनिजांचा लेप दिला आणि आज दुकानात ज्याला ‘रॉड’ म्हणतात त्याचा पाया घातला. तो लेप जळताना वायूचे आवरण तयार होते आणि त्यातली खनिजे वितळून जोडावर स्लॅगची, म्हणजे काचेसारख्या मळीची, साय धरते. परंतु रॉड संपला की काम थांबते, आणि रिळावर गुंडाळलेल्या अखंड तारेवर असा लेप देता येत नाही, कारण तारेत वीज शिरते ती टॉर्चच्या तोंडाशी तांब्याच्या टिपला घासूनच, आणि लेप असता तर तो या घासण्याच्या आड आला असता. हा पेच 1950 च्या दशकात सुटला तो पोलादाच्या पातळ पट्टीची नळी करून लेपाची भुकटी, म्हणजेच फ्लक्स, तिच्या पोटात भरल्याने. यातील स्वसंरक्षित प्रकाराला बाहेरून वायूचे सिलिंडर लागत नाही आणि उघड्यावरच्या वाऱ्याने त्याचे आवरण सहज उडून जात नाही, म्हणून शेताच्या बांधावर काम करू पाहणाऱ्याला तो सोयीचा वाटतो. मात्र सोयीबरोबर त्या तारेचा स्वभावही घरात येतो, आणि आर्क धरण्यातला लहरीपणा हा बहुतांशी त्याच स्वभावाचा भाग आहे.

आर्क म्हणजे दोन वाहकांमधील फटीत तापून वाहक बनलेल्या वायूतून चालणारा विजेचा प्रवाह. मराठी शास्त्रीय ग्रंथांत त्याला प्रज्योत म्हटले आहे. थंड हवा वीज वाहून नेत नाही, आणि बारीक तारेच्या अशा कामात आर्कचा विद्युतदाब साधारण 15 ते 18 व्होल्ट, म्हणजे इतका कमी असतो की तो थंड फट स्वतःहून ओलांडू शकत नाही. म्हणून आरंभी तारेने लोखंडाला प्रत्यक्ष टेकावे लागते. टेकताक्षणी मोठा प्रवाह धावतो, मंडलात जेथे विरोध सर्वाधिक असेल तेथे सर्वाधिक उष्णता निर्माण होते, आणि ती जागा तारेचे टोक असेल तर ते टोक क्षणात वितळून तुटते, मधल्या फटीतला वायू तापतो आणि आर्क पेटतो. आर्क नीट धरण्याची संपूर्ण अट यातच सामावलेली आहे: वीज अखंड वाहिली पाहिजे आणि मंडलातील सर्वांत दुबळी जागा तारेचे टोकच असली पाहिजे. आरंभ चुकण्याचे जवळजवळ सर्व प्रकार हे या अटीच्या एखाद्या भंगाचे प्रकार होत. कोठे वाट तुटलेली असते, कोठे दुबळी जागा टोक सोडून भलतीकडे सरकलेली असते, तर कोठे तार वितळण्याच्या वेगापेक्षा अधिक वा कमी वेगाने पुढे येत असते.

यांपैकी सर्वाधिक वेळा घडणारा आणि सर्वांत उशिरा ध्यानात येणारा भंग तारेच्या टोकावरच होतो. बटण सोडून आर्क विझतो तेव्हा टोकावर वितळलेल्या धातूचा एक थेंब गोठतो, आणि तार भुकटीने भरलेली असल्यामुळे त्या थेंबावर स्लॅगची पातळ टोपी बसते. गरम असताना ही मळी थोडीफार वीज वाहू देते. थंड झाली की ती काचेसारखी विद्युतरोधक बनते. पुढच्या वेळी तार पत्र्याला टेकते खरी, पण टेकतो तो हा काचेचा थर, आणि पंधरा-वीस व्होल्टचा दाब त्याला भेदू शकत नाही. मागून तार येतच राहते, ती वाकते, थर तडकतो किंवा तारेची एखादी बाजू लोखंडाला लागते, आणि मग अकस्मात मोठा स्फोट होऊन तारेचा तुकडा उडतो. नव्या रिळाचा पहिला आरंभ उत्तम होतो आणि पुढचे अडखळतात, थोड्या विरामानंतर लगेच केलेला आरंभ साधतो आणि पाच मिनिटांनी केलेला फसतो, या वरवर निरर्थक वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा येथे होतो. उपाय अतिशय साधा आहे: प्रत्येक आरंभापूर्वी कटिंग प्लायरने टोक तिरपे कापावे, म्हणजे उघडा धातू आणि टोकदार कडा मिळते, आणि कमी स्पर्शक्षेत्रामुळे उष्णता त्या कडेवरच एकवटते. परंतु या उपायातून निघणारा विचार उपायाहून मोठा आहे. आरंभ बिघडला असे ज्या क्षणी वाटते, त्या क्षणी प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते. बिघाड मागचे काम संपवताना झालेला असतो आणि शिकणारा तो नव्या कामात शोधत असतो.

तारेच्या टोकानंतर पाहायची ती परतीची वाट. शिकणाऱ्याचे सारे लक्ष टॉर्चकडे असते. अर्थचा चिमटा कोठे लावला आहे याकडे ते क्वचितच जाते, वास्तविक वीज टॉर्चमधून जितकी जाते तितकीच तिला चिमट्यातून परत यावे लागते. घरी सरावासाठी हाती येते ते बहुधा जुने अँगल, रंगवलेला चौकोनी पाइप, गंजलेला पट्टा किंवा जस्ताचा थर दिलेला पत्रा. रंग आणि गंज विजेला अडवतात. नव्या पोलादावरची निळसर काळी खपलीही वाईट वाहक असते. चिमट्याचे दात अशा थरावर बसले की कधी एखादा दात खालच्या धातूपर्यंत पोहोचतो आणि कधी नाही, आणि कामाचा तुकडा उलटा करण्यासाठी चिमटा काढून लावला की आर्कचे वागणे बदलते. टेबलाला चिमटा लावून तुकडा नुसता वर ठेवला असेल तर टेबल आणि तुकडा यांच्यातला स्पर्श हा आणखी एक अविश्वसनीय सांधा होतो. चिमट्याची जागा आणि आरंभाची जागा ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत घासणे, चिमटा शक्यतो थेट तुकड्यालाच आणि जोडाजवळ लावणे, ही कामे कंटाळवाणी असल्याने टाळली जातात आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा नडतात. जस्ताचा थर घासून काढण्यामागे तर आरोग्याचेही कारण आहे, कारण जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरू शकतो.

दुबळी जागा भलतीकडे सरकण्याचा प्रकार टॉर्चच्या आत घडतो. तांब्याच्या टिपचे छिद्र वापराने झिजून लांबट झाले किंवा त्यात थेंब अडकले की तार आणि टिप यांच्यातला स्पर्श सैल होतो, विरोध तेथे वाढतो, आणि वितळायला हवे होते टोक ते सोडून तार टिपपाशीच वितळून चिकटते. तारेचा पुरवठा अडखळला तरी परिणाम असाच होतो. या यंत्रात दाब स्थिर ठेवलेला असतो आणि आर्कची लांबी तारेच्या वेगावर आपोआप तोलली जाते. तार क्षणभर थांबली तर आर्क मागे चढत टिपपर्यंत येतो, आणि ती झटक्याने सुटली तर लोखंडात रुतते. तारेला ढकलणारे रोलर सैल असले तर ती घसरते. ती घसरते म्हणून ते आवळावेत, तर पोकळ नळी चेपते, तिच्या शिवणीतून भुकटी गळते आणि टॉर्चच्या केबलमधील लायनर, म्हणजे तार सरकण्याची आतली नळी, त्या भुकटीने भरत जाते. म्हणून या तारेसाठी दातेरी खाचेचे रोलर वापरतात, जे कमी दाबातही पकड घेतात. रिळाचा ब्रेक फार घट्ट नाही ना, केबलला पीळ किंवा तीव्र वळण नाही ना, आणि रोलरची खाच व टिपचे छिद्र तारेच्या जाडीचेच, 0.8 वा 0.9 मिलिमीटरचे, आहे ना, हे पाहिल्याविना आकड्यांशी खेळत बसणे व्यर्थ ठरते.

आकड्यांचा क्रम त्यानंतर येतो. दाबाच्या मानाने तारेचा वेग जास्त असेल तर ती वितळण्याआधीच आदळते आणि हाताला तिचे ठोके जाणवतात. वेग कमी असेल तर आर्क लांबून विझतो आणि टोकाला मोठा गोळा लोंबतो. टिपपासून लोखंडापर्यंत बाहेर निघालेल्या तारेची लांबी बारीक तारेसाठी साधारण 12 ते 20 मिलिमीटर ठेवतात; ती वाढली की तारेचा विरोध वाढून प्रवाह घटतो आणि टोक इकडेतिकडे भटकते. रॉडवर हात बसलेल्या माणसाला येथे जुनी सवयच नडते, कारण रॉड घासून पेटवायचा असतो आणि पुढे तो हातानेच भरवायचा असतो, तर तार यंत्र भरवते आणि हाताने फक्त अंतर राखायचे असते. टॉर्च जागेवर नेमकी धरून, तार लोखंडाला जेमतेम स्पर्श करील अशी ठेवून मगच बटण दाबण्यात आरंभ सुटसुटीत होतो. ध्रुवांची जोडणीही आधीच पाहावी लागते. घरगुती यंत्रांत बहुधा वापरली जाणारी ई71टी-11 ही स्वसंरक्षित तार ऋण ध्रुवावर चालण्यासाठी घडवलेली असते, तर वायूच्या आवरणात चालणारी भरीव तार धन ध्रुवावर चालते; दोन्ही प्रकारांना चालणाऱ्या यंत्रात आतील जोडण्या न बदलता रीळ तेवढे बदलले तर आर्क धरतो, पण तो उडत्या ठिणग्यांचा आणि अस्थिर असतो, आणि शिकणारा मात्र हाताचा सराव वाढवीत राहतो.

यापलीकडची कारणे स्थळाची आणि ऋतूची आहेत. हजारो मेगावॉट वीज जेथे तयार होते त्या गावातही अंगणातल्या यंत्राला मिळणारा दाब शेवटच्या काही मीटरांवर ठरतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची 30 मीटरची जोडकेबल जाऊन-येऊन 60 मीटर होते, आणि 20 अँपिअर प्रवाहाला तिच्यात सुमारे साडेचौदा व्होल्ट गळतात. चार चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ही गळती साडेपाच व्होल्टच्या आसपास राहते. आर्क पेटवण्याच्या क्षणी मागणी एकदम उसळते, त्यामुळे ही गळतीही नेमकी त्याच क्षणी जाणवते, आणि शेजारची मोटार चालू आहे की बंद यावर आरंभ साधणे न साधणे अवलंबून राहू शकते. उन्हाळ्याचा हिशेब आणखी वेगळा आहे. यंत्राचे कार्यचक्र, म्हणजे दहा मिनिटांपैकी किती मिनिटे ते ठरलेल्या प्रवाहावर चालू शकते याचे प्रमाण, आंतरराष्ट्रीय मानकानुसार 40 अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून दिलेले असते. नागपूर परिसरात मे महिन्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. तापलेले यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडते, पण पंखा चालू राहतो आणि काही यंत्रांत तारही सरकत राहते, त्यामुळे समोरच्या माणसाला दिसतो तो केवळ न धरणारा आर्क. यंत्र तापल्याची खूण देणारा कोपऱ्यातला पिवळा दिवा त्याच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात दोष तारेत शिरतो. यंत्रातच राहिलेल्या रिळावर गंजाचा बारीक थर चढतो, तार लायनरमध्ये खरखरते, पोटातली भुकटी ओल धरते आणि जोडावर किडीने कोरल्यासारखे चरे उमटतात. काम संपताच रीळ काढून हवाबंद पिशवीत ठेवणे एवढ्यासाठीच आवश्यक ठरते.

कारणांची ही यादी वाचून कोणालाही सर्व उपाय एकदम करून टाकण्याचा मोह होईल, आणि तो मोह आवरणे हीच निदानाची शिस्त आहे. टिप, चिमटा, वेग आणि दाब एकाच वेळी बदलले आणि आर्क धरू लागला तर काम भागते, पण ज्ञान हाती येत नाही, कारण कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ज्यांना खर्च नाही त्या गोष्टी आधी पाहाव्यात, आणि फसलेल्या आरंभांची टिपणे ठेवावीत: तो थंड टोकाने फसला की गरम, तुकडा हलवल्यानंतर फसला की हलवण्यापूर्वी, सकाळी फसला की दुपारी. अशी टिपणे वाढली की लहरीपणाला आकार येऊ लागतो. दुकानात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वर्गात शिकणाऱ्याला या खटाटोपाची गरज फारशी भासत नाही, कारण जाणता मिस्त्री बोलता बोलता तारेचे टोक छाटतो, चिमटा लावताना तो दोनदा घासून बसवतो, बटण दाबण्यापूर्वी कान देऊन रोलरचा आवाज ऐकतो, आणि शिकाऊ पोरगा हे सारे काही न विचारता उचलतो. मिस्त्रीला त्याची कारणे विचारली तर तो कदाचित सांगूही शकणार नाही. त्याच्या हातात ती सवय होऊन मुरलेली असतात. घरी एकट्याने शिकणाऱ्याला सवयीऐवजी कारणांपासून आरंभ करावा लागतो, आणि ही वाट लांबची असली तरी तिच्यावरून गेलेला माणूस यंत्र बदलले, तार बदलली, गाव बदलले तरी गोंधळत नाही. त्याला नसते ती केवळ चुकीच्या क्षणी हात धरणारी व्यक्ती, आणि ही उणीव डोळ्यांच्या बाबतीत घातक ठरू शकते. आर्क दोन-तीनदा धरला नाही की माणूस हेल्मेट वर करून टोकाकडे वाकून पाहतो, बोट बटणावरच असते, आणि नेमका तेव्हा आर्क पेटतो. त्या अतिनील प्रकाशाने काही तासांनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. आर्क धरत नसेल तर आधी बटणावरचे बोट काढावे आणि मगच काच वर करावी, ही सवय बाकीच्या सर्व सवयींच्या आधी लागायला हवी.

या सर्व खटाटोपाअंती आर्क दरवेळी धरू लागतो, आणि येथे एक नवा भ्रम उभा राहतो. झटकन पेटलेला आर्क पाहून शिकणाऱ्याला जोडही उत्तम झाला असे वाटते, परंतु आरंभाच्या क्षणी लोखंड थंड असते; तारेचा धातू वितळून वर पडतो, खालचा धातू मात्र पुरता वितळलेला नसतो, आणि दोहोंमध्ये न मिसळलेली एक सीमा राहून जाते, जी वरून गुळगुळीत दिसते आणि भार येताच उकलते. म्हणून जाणते कारागीर आर्क जोडाच्या जरा पुढे धरतात, मागे येतात आणि मग त्या थंड आरंभावरून पुन्हा जाऊन तो वितळवतात. महत्त्वाच्या कामात तर जोडाच्या अलीकडे जास्तीचा तुकडा लावून आरंभ त्या तुकड्यावर करतात आणि तो नंतर कापून टाकतात. बाष्पकाच्या नळीवर जोड तपासणारा माणूस आर्क कसा धरला हे विचारत नाही, आत काय मिसळले आहे ते पाहतो. अंगणातल्या कारागिराकडे क्ष-किरण नसतात, पण सरावाचा जोड करवतीने आडवा कापून पाहणे, तो शेगड्यात धरून हातोडीने उलटवणे आणि कोठून तुटला ते तपासणे त्याला शक्य असते. त्या परीक्षेत आरंभाची जागा टिकत नाही तोवर फाटक, कुंड्यांची मांडणी किंवा कोंबड्यांचे खुराडे जोडावे. भरलेल्या ट्रॉलीचा दांडा, ज्याच्या मागे रस्त्यावर माणसे चालत असतात, तो परीक्षा दिलेल्या हाताकडेच न्यावा.